फकीर मोहम्मदने खोललेली गाडी

धामणगाव बढ्यात स्टँडजवळ फकीर मोहम्मदचं गॅरेज आहे. पाटी नाही, कधी गरजही पडली नाही. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या मोटारसायकली त्याच्या हाताखालून गेल्या. गाडी दुरुस्त झाली की तो स्वतः ट्रायल घ्यायचा, आणि ट्रायल म्हणजे गल्लीतला फेरा नव्हे. नांदुरा रोडला लागून काटा ऐंशीच्या पुढे न्यायचा, करकचून ब्रेक मारायचा, मगच मालकाच्या हातात किल्ली द्यायचा. वर म्हणायचा, "स्पीडनं कोनी मरत नाही बाप्पा, हयगयीनं मरते. गाडी फिट ठेवा अन् खुशाल पळवा." लोकांना ते गोड लागायचं. हळू चालव म्हणणारा मेकॅनिक कोणाला हवा असतो?

त्याच्या बायकोला, अजीजुन्निसाला, ते कधी पटलं नाही. मुलगा जुनेद नांदुऱ्याला कापडाच्या दुकानात कामाला होता. तासाभराची वाट अर्ध्या तासात कापून यायचा आणि बापासमोर ऐटीत सांगायचा. "त्याले जरा बोला ना," ती म्हणायची. फकीरभाई हसायचा. "गाडी कोनाच्या हातची हाय?" ही नुसती बढाईही नव्हती. दर जुम्याला नमाज झाली की तो जुनेदची गाडी स्वतः तपासायचा.

गेल्या कार्तिकात जुनेद गेला. गावाबाहेरच्या वळणावर उकंडराव नावाच्या शेतकऱ्याने मका वाळत घातला होता, अर्धा डांबरी रस्ता अडवून, कडेने दगड मांडून. आपल्याकडे खळी मोडली आणि रस्त्यांचीच खळी झाली. सगळेच घालतात, कोणाला त्यात काही वाटत नाही. दुपारी चारला, लख्ख उन्हात जुनेद वळणावर आला. मका दिसला तसे त्याने ब्रेक मारले. दगडांबाहेर सांडलेल्या दाण्यांवरून गाडी घसरली ती दगडांवर आदळून नाल्यात गेली. मका राखत बसलेला उकंडराव सगळ्यांत आधी नाल्यात उतरला.

मग गाव बोलायला लागलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. कोणी म्हणे उकंडरावला आत टाका, कोणी म्हणे पोरगंच वाऱ्यावर स्वार होतं. पंचनामा होऊन गाडी घरी आली, तेव्हा फकीरभाईने गॅरेजात ताडपत्री अंथरली आणि ती खोलायला घेतली.

त्याला चूक सापडायला हवी होती, आणि तीही स्वतःची. ब्रेकचे लायनर झिजलेले निघावेत, केबल सैल निघावी, एखादा नट कसायचा राहून गेलेला निघावा. ज्या हयगयीला त्याने जन्मभर शिव्या दिल्या, ती आपल्याच हातून झालेली निघाली असती तर त्याने ती छातीशी धरली असती. गाडीत काहीच निघालं नाही, तर पोराला मारलं कशाने याचं एकच उत्तर उरत होतं. आणि त्या उत्तराला तो तीस वर्षं हसत आला होता.

पुढचं चाक वाकलं होतं, पण ते पडून. बाकी लायनर शाबूत, केबल ताणात, नट न् नट घट्ट. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं पाहिलं. अजीजुन्निसा मागच्या घरातून चहा आणून ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उकंडराव आला. ताडपत्रीच्या बाहेरच उभा राहिला.

"भाई, मले शिव्या द्या. माहाच मका होता."

"त्या सांडलेल्या मक्यावरून तू रोज फटफटी नेऊन राह्यला होता ना?"

"हाव. पन हळूहळू."

फकीरभाईने मान हलवली. मग चाळीस दिवस ज्याने त्याला झोपू दिलं नव्हतं, ते विचारलं. "ब्रेक लागले होते का रे? तू पाह्यलं ना?"

उकंडरावच्या डोळ्यांना धार लागली. "तेच सांगाले आलो. इतके दिवस हिंमतच झाली नाही. त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं, भाई. मले म्हने, काका, अब्बाले सांगजा, ब्रेक बराबर लागले होते. नाही तं ते सोताच्या हातालेच दोष देत बसतीन."

फकीर मोहम्मद सुट्या भागांच्या मधोमध खाली बसला. बापाच्या हातावर आळ येऊ नये, एवढीच जाता जाता पोराला काळजी होती. आता त्या हातांना दोष द्यायचीही सोय राहिली नाही.

आवाज ऐकून अजीजुन्निसा धावत आली. मयतीतही ज्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, तो माणूस हुंदके देत होता.

"जुनेदची अम्मी, तू किती येळा म्हनत होती," तो म्हणाला. "हळू ये बेटा. एवढंच म्हनाचं होतं वं. मी एकदाबी नाही म्हटलं."