चौथी वाट

लिटल अर्डलीत माणसाचा दाराला धक्का लागला, तर तो दाराची माफी मागतो. अशा गावातसुद्धा थेल्मा प्रीसच्या भिडस्तपणाची चेष्टा व्हायची, यावरून काय ते समजा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसलं तरी ती "मी पुढे आले तर चालेल ना?" असं विचारून मगच पुढे व्हायची. पोस्टमन चिखलाच्या बुटांनी आत आला की ओशाळायची तीच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही खोड जाण्यातली नव्हती, आणि त्याच खोडीनं शेवटी तिचा घात केला.

गावाभोवती फिरायला सहा वाटा होत्या. त्यांचं पत्रक थेल्माच टंकायची, नकाशे तिचा नवरा रॅल्फ काढायचा. रविवारी दोघं निघायची. रॅल्फ काटेरी झुडपं छाटायचा, खांबांवर पिवळे बाण रंगवायचा आणि थेल्मा रंगाचा डबा धरून उभी राहायची. पहिली वाट टेकडीवर जायची, दुसरीवर ओढा ओलांडावा लागे, तिसरीवर गुडघाभर चिखल आणि तिरसट गाई. चौथी मात्र सपाट होती. चर्चच्या मागून निघून गार्नेट बफ्टनच्या तीन कुरणांच्या कडेनं ती जुन्या बंधाऱ्यापर्यंत जायची. तिथल्या कुंपणावरून पलीकडे उतरायला रॅल्फनं ओकच्या लाकडाची पायरी बसवली होती.

सहा वर्षांपूर्वी रॅल्फ गेला. मग थेल्माच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि एकेक करत पाच वाटा तिच्या हातून सुटल्या. चौथी उरली. दुपारी ऊन असो की पाऊस, ती काठी टेकत बंधाऱ्यापर्यंत जायची, रॅल्फच्या पायरीवर बसायची, पाण्याकडे बघायची आणि परत यायची. दिवसात जगण्यासारखं काही असेल तर ते तेवढंच होतं.

मग गार्नेट बफ्टनही गेला. लग्न न केलेला, कुणाशी धड न बोलणारा माणूस. त्याची जमीन पेनफोल्ड नावाच्या जोडप्यानं घेतली. महिन्याभरात चर्चमागे फाटक बसलं, फाटकाला कुलूप लागलं आणि कुलपावर पाटी आली: 'खाजगी'. बाकीच्या पाच वाटा सरकारी नकाशावर होत्या. चौथीवरून सगळेच चालत असल्यामुळे ती नोंदवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पायवाटा समितीचा अध्यक्ष डेस्मंड यॅप याला मात्र हर्षच झाला. रस्ते खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला मनाजोगतं भांडण मिळालं नव्हतं. अर्जांचा गठ्ठा घेऊन तो थेल्माच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"सोपं आहे गं," तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "वीस वर्षं लोक राजरोस, न विचारता चालले, की वाट गावाची. तीस जणांनी लिहून दिलं की पेनफोल्डसाहेब स्वतःच्या हातानं कुलूप काढतील."

"न विचारता म्हणजे?" थेल्मानं किटली खाली ठेवली.

"परवानगी न घेता. विचारून गेलं की ती मालकाची मेहेरबानी झाली, हक्क नव्हे. पण गार्नेटला विचारायला जाणार कोण? त्याच्या दारात जायची कुत्र्यांचीसुद्धा छाती नव्हती."

"मी जायची."

डेस्मंडचं बिस्किट तुटून कपात पडलं.

दर मार्चच्या पहिल्या रविवारी, मेंढ्या व्यायच्या आधी, थेल्मा आल्याचा केक घेऊन गार्नेटच्या उंबऱ्याशी उभी राहायची. "गार्नेट, समितीच्या वतीनं विचारते. यंदाही आमची माणसं तुमच्या कुरणातून गेली तर चालेल ना?" गार्नेट आधी हात पँटला पुसायचा, मग केक घ्यायचा. दरवेळी तेच बोलायचा. "विचारतेस कशाला बाई? विचारू नकोस. जा की!" आणि दार लावून घ्यायचा. बोलायची त्याची तऱ्हाच तशी, असं समजून ती पुढच्या वर्षी पुन्हा जायची. सलग बावीस वर्षं.

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?" डेस्मंडनं आवाज खाली आणला.

"रॅल्फला होतं. आणि गार्नेटला."

"म्हणजे दोघंही चर्चमागे आडवे झालेत."

"डेस्मंड!"

"मग तू विचारलंच नाहीस. संपला विषय."

"पण विचारलं ना मी."

"अगं, तुझे केक कुणी मोजलेत का? एक शब्द लिहायचाय. 'नाही'. तुझ्याच वाटेसाठी!"

थेल्मानं अर्जातला परवानगीचा रकाना कोरा सोडला. तिला तेवढंच जमलं.

नोव्हेंबरात गावच्या सभागृहात चौकशी बसली. ओल्या कोटांचा वास, कोपऱ्यात चहाचं मोठं पिंप, आणि समोर जिल्ह्याच्या नव्हे, थेट राजधानीच्या कार्यालयातून आलेला सर्दी झालेला अधिकारी. तीस जणांनी सांगितलं, कधीच कुणाला विचारलं नाही. ते खरंच होतं. शेवटी थेल्माची पाळी आली. पेनफोल्डांचा वकील तरुण होता आणि बोलायला मऊ.

"मिसेस प्रीस, तुमचा अकरावा रकाना राहिलाय. जुन्या मालकांची परवानगी तुम्ही कधी मागितली होती?"

तो 'नाही' तिनं सकाळी आरशासमोर चारदा म्हणून पाहिला होता. शब्द अगदी ओठांवर होता. पण डोळ्यांसमोर गार्नेट आला, पँटला हात पुसणारा. त्या माणसाच्या दारात वर्षातून एकदाच कुणीतरी काही घेऊन यायचं. 'नाही' म्हटलं की तेही पुसलं जाणार होतं. तिला ते करवेना.

"मागितली होती," ती म्हणाली. "दर वर्षी."

"स्वतःपुरती?"

"छे छे, सगळ्यांसाठी. आपल्या एकटीपुरतं कसं विचारायचं? बरं दिसलं नसतं ते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. सगळ्यांसाठी विचारलं, म्हणजे सगळ्यांचंच चालणं गार्नेटची मेहेरबानी ठरलं होतं. डेस्मंड आपल्या बुटांकडे बघत होता.

जानेवारीत निकालाचं पत्र आलं. वाट गेली. थेल्माला कुणी अवाक्षर बोललं नाही. लिटल अर्डलीत बोलत नाहीत. दुकानात लोक "यंदा गारठा जरा जास्तच, नाही?" म्हणायचे आणि मोजूनमापून हसून पाठ फिरवायचे. कुणी तोंडावर चार शिव्या घातल्या असत्या तर तिला मोकळं वाटलं असतं. डेस्मंड गुरुवारी चहाला यायचा, तो यायचा थांबला. उरलेली पत्रकं टेबलावर घेऊन तिनं पट्टी लावून, काळ्या पेनानं, एकेका पत्रकावरची चौथी वाट खोडली. रॅल्फनं काढलेली रेघ नाजूक होती, ती सहज झाकली गेली.

मार्चच्या पहिल्या रविवारी दारावर टकटक झाली. मिसेस पेनफोल्ड उभी होती, कोऱ्या करकरीत बुटांत, अवघडलेली.

"तुमच्याबद्दल आम्हाला फार वाईट वाटतं हो," ती म्हणाली. "गावाचं वेगळं. पण तुम्ही एकट्या खुशाल येत जा बंधाऱ्यावर. फक्त यायच्या आधी एकदा विचारत जा, म्हणजे झालं."

सवयीनं 'आभारी आहे' तोंडात आलंच होतं. डोळ्यांसमोर बंधारा आला, पायरी आली. तिथे जाऊन बसायला तिचा जीव अक्षरशः तुटत होता.

"नको," थेल्मा म्हणाली. "मी विचारायचं सोडलंय."

आणि माफी न मागता तिनं दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात आल्याचा वास भरला होता. सकाळी हातांनी आपसूक पीठ कालवून केक ओव्हनमध्ये ठेवला होता, कुणासाठी ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. विचारू नकोस, गार्नेट म्हणायचा. त्याला कायदा ठाऊक होता की नव्हता, ते आता कोण सांगणार? पण बावीस वर्षं तो उंबऱ्यात उभा राहून तिला तेवढं एकच सांगत होता, आणि तिला वाटलं होतं, तो नुसता रीत म्हणून बोलतोय. तिनं केक बाहेर काढला. कडा करपल्या होत्या. तो टेबलावर ठेवून, कोट अंगात घालून, टोपीसुद्धा चढवून ती खुर्चीत बसून राहिली. जायला कुठलंच दार नव्हतं.