उद्देशिकेवाले आबा

दावा विहिरीचा असो नाहीतर बांधाचा, आमचे आबा वकील सुरुवात राज्यघटनेच्या उद्देशिकेपासूनच करायचे. न्याय, स्वातंत्र्य, समता हे शब्द खणखणीत, आणि बंधुतेपाशी आले की आवाज एकदम खाली. जुन्नरच्या कोर्टात त्यांना 'उद्देशिकेवाले आबा' असंच म्हणत. मी त्यांची ज्युनिअर. पक्षकार जांभया देत आणि मी फायलीत तोंड खुपसून बसे.

चिडून एकदा म्हटलं, "आबा, कलम सांगा आणि मोकळे व्हा की!"

"कलमं म्हंजे पाट गं. पाट अडला की वर जाऊन बघावं लागतं, पाणी कुठनं निघालं."

डिंगोऱ्याची शेवंता आली तेव्हा हे वर जाणं काय असतं ते कळलं. ती आबांच्या चुलतभावाची विधवा. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने, दत्तूने, सामाईक विहिरीवरचं तिचं पाणी तोडलं. पाण्याची पाळी पुरुषाच्या नावानं चालते आणि हिला मुलीच, असा भावकीचा रिवाज. कांद्याची रोपं माना टाकायला लागली होती. दत्तू तर आबांच्या ताटात जेवून वाढलेला. त्यालाही आबाच वकील हवे होते. आबा शेवंताच्या बाजूने उभे राहिले.

कोर्टात पुन्हा उद्देशिका! न्यायाधीश वैतागले. "आबा, नुसत्या उद्देशिकेवर हुकूम कसा देऊ?"

"तिच्यावर नका देऊ साहेब. पण रिवाज तिच्या उजेडात वाचा. त्या समतेत ही बाई बसती का न्हाई, एवढंच बघा."

समतेला सोडून जाणारा रिवाज कोर्ट उचलून धरणार नाही, असा हुकूम झाला आणि शेवंताला पाणी मिळालं.

मी पेढे आणले. आबांनी पेढा नुसता हातात धरून ठेवला. दत्तू त्यांच्याकडे न बघताच निघून गेला होता.

"समता कोर्टानं दिली. बंधुता कोर्टाच्या हातात नाय," म्हणाले. पुढे भावकीतल्या एकाही लग्नाचं बोलावणं त्यांना आलं नाही. मला त्या माणसांचा भयंकर राग यायचा. आबांना कधी आला नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. दहाव्याला कुकडीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलाने हात जोडले, "आबा, तुमच्या केसेस आमी सांभाळू." तरी नाही. मग मागून दत्तू पुढे आला.

"आबा, वैनीच्या कांद्याचं पाणी यंदा मी भरतो. वाफ्यांची दारं मी धरतो," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. शेवंताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कावळा लगेच शिवला म्हणतात. मी पाहिलं नाही. मी त्या दोघांकडे बघत होते.