पाठीमागचं बकल

आमच्या धक्क्यावर ज्याला सगळे रांजण म्हणत, त्या पाणबुड्याला कंबर नव्हती. छाती होती, पोट होतं, आणि पोट संपलं की थेट मांड्या सुरू होत. देव मधला भाग द्यायला विसरला, की दिला होता तो यानेच खाऊन टाकला, यावर धक्क्यावर दोन मतं होती. जमिनीवर तो डुलत, धापा टाकत चाले. पण पाण्यात उतरला की बघत राहावं. हालचाल नाही, धडपड नाही. वर फक्त बुडबुडे येत, झाडाखाली पहुडलेल्या म्हशीच्या श्वासासारखे संथ.

त्याचं काम बोटींच्या पोटाखालचं. तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुरफटलेला दोर कापायचा, कुणाचा नांगर तुटून पडला तर तो शोधून द्यायचा. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि कमरेला, म्हणजे जिथे कंबर असायला हवी होती तिथे, शिशाच्या वजनांचा पट्टा. चरबी पाण्यात तरंगते, आणि ती श्रीमंती रांजणाकडे भरपूर होती. शिसं बांधल्याशिवाय तो बुडतच नसे.

वर काठावर बसून त्याचा दोर धरायची ती त्याची बायको, आमची वहिनी. लग्न झाल्यापासून तो दोर तिच्याच हातात. माझं जाळी दुरुस्त करायचं दुकान त्यांच्या घराला लागूनच, म्हणून त्यांचं भांडणसुद्धा मला आधी ऐकू येई. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ. एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. घरात दोघं एकमेकांवर खेकसत असत, पण दोरावरून कधी खेकसल्याचं मी पाहिलं नाही.

भानगड त्या पट्ट्याची होती. बकल पुढे असलं की रांजण वाकताच पोट त्यावर बसे आणि बकल उघडे. एकदा एका मचव्याखाली असंच झालं. पट्टा सुटला, मांड्यांवरून खाली घसरला आणि जाताना चड्डीही सोबत घेऊन गेला. शिसं गेलेला रांजण बुचासारखा वर आला, बोटीच्या तळावर डोकं आपटून आडवा झाला, आणि वहिनीने घाबरून दोर ओढला तेव्हा पाण्याबाहेर आधी जे आलं ते त्याचं डोकं नव्हतं. धक्क्यावरची माणसं कितीतरी दिवस त्याला समोरून ओळखेनाशी झाली होती.

त्यावर नवराबायकोने मिळून तोडगा काढला. बकल पाठीमागे घ्यायचं. रांजण फळीवर उभा राही, वहिनी त्याच्या पाठीला गुडघा लावी, पट्टा करकचून ओढी आणि बकल मागे अडकवी. त्यावर टाकी येई. मग तो पट्टा हलायचं नावच घेत नसे. रांजणाला त्याचा भारी अभिमान. दुसऱ्या पाणबुड्यांना सांगे, तुमची शिसं तळाशी लोळत असतील, माझं कधी खाली पडलेलं दाखवा. आणि खरंच, कैक वर्षं पडलं नाही. नवऱ्याला बांधून ठेवावं तर असं, म्हणून बाकीच्या बायका वहिनीची थट्टा करत. तीही हसे. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मग तो नांगराचा दिवस आला. एका बोटीचा नांगर धक्क्याच्या खांबांमध्ये पडला होता. रांजण तो शोधत खांबांच्या आत शिरला आणि दोर दोन खांबांना वेढा घालून अडकला. त्याने तीन हिसके दिले, ते खांबांनी खाल्ले. वहिनीपर्यंत एकही पोचला नाही. टाकीतली हवा जड येऊ लागली. अशा वेळी पाणबुड्याने करायची गोष्ट साधी असते. वेढ्यात गेलेला दोर कापायचा, शिसं सोडून द्यायचं आणि श्वास सोडत वर यायचं. दोर त्याने कापला. पण शिशाचं बकल पाठीमागे, टाकीखाली. एवढ्या घेराच्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. तो शिंपल्यांनी भरलेला खांब कवटाळून, माकडासारखा वर चढून आला. वर आला तेव्हा तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं आणि दोन्ही तळहात सोललेले.

धक्क्यावर त्याने सगळा दोष दोराला दिला. नांगराला दिला. खांब बांधणाऱ्यांच्या वाडवडिलांनाही सोडलं नाही. घरी आल्यावर वहिनीने त्याच्या हातांना औषध लावलं. मी ओट्यावर बसलो होतो. खाली बघतच तिने विचारलं, "शिसं का नाही सोडलंत?"

"मी आजवर शिसं सोडलेलं नाही."

"सोडायचं नव्हतं, की सुटलं नाही?"

रांजण छताकडे बघू लागला. पट्टी बांधता बांधता वहिनीचे हात थांबले. ते बकल रोज कोण लावतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. तिने पट्टी पुरी बांधली, उठली आणि उरलेला दोर खुंटीला अडकवला.

"मी माझ्याच हाताने तुम्हाला बांधून पाण्यात सोडत होते," ती म्हणाली. "आता मी दोर धरणार नाही. दुसरं कुणी बघा."

रांजणाला वाटलं, बाईचा राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. मग त्याने मेहुण्याला बसवलं. मेहुण्याने दोर एका खुंट्याला बांधला आणि चहा प्यायला गेला. रांजणाने खालून एक हिसका दिला, उलट काही आलं नाही. दोन दिले, तरी नाही. तो तडक वर आला आणि पुन्हा उतरला नाही. बाहेर बसून तो सुकू लागला. फेरीबोटीचा तळ खरवडायचं मोठं काम तोंडावर होतं. फेरीबोटीचा तांडेल दोनदा विचारून गेला. रांजण म्हणे, हात बरे होऊ देत. हात केव्हाच बरे झाले होते. त्याला वहिनीशिवाय खाली जायची भीती वाटत होती, आणि हे सांगण्यापेक्षा तो उपाशी मेला असता. अर्थात तो उपाशी मरायला फार वर्षं लागली असती, ते वेगळं.

शेवटी तोच तिला म्हणाला, चल, तू म्हणशील तो पट्टा घेऊ. मध्ये कुणीतरी हवं म्हणून मलाही नेलं.

पाणबुड्यांचं सामान विकणारा दुकानदार सडपातळ होता आणि बोलायला बसला की थांबत नसे. त्याने आधी रबरी पट्टा काढला. ताणून बांधायचा, पाण्यात अंग दबलं तरी सैल पडत नाही. रांजणाने तो लावला, पोट आत घेतलं, आणि पोट बाहेर आल्यावर पट्टा टप्प्याटप्प्याने गुडघ्यांकडे निघाला. वहिनीने नुसती भुवई उचलली. मग खिशांचं जाकीट आलं. टाकी अडकवायचंच जाकीट, शिसं त्याच्या खिशांत. दुकानदार त्याची स्तुती करत होता, तेवढ्यात रांजण बोटीखाली काम करताना जसा उताणा होतो तसा जमिनीवर उताणा झाला आणि दोन्ही हात वर करून खरवडू लागला. एका बाजूचा खिसा नीट बसला नव्हता, तो धपकन खाली आला. दुकानदार म्हणाला, खिसा आत जाऊन टक असा आवाज यायला हवा, आवाज आला नाही तर तो बसलेला नसतो. वहिनी म्हणाली, पाण्याखाली आवाज कोण ऐकणार? तो म्हणाला, म्हणून उतरण्याआधी ओढून बघायचं. ते तिला पटलं, पण जाकीट नको झालं. शिंपल्यांवर ते रोज फाटलं असतं.

तिसरा प्रकार खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांचा. वजन खांद्यांवर, म्हणजे कंबर असो नसो. दोन बाजूंना शिशाचे दोन कप्पे आणि प्रत्येकाला पुढे एक मूठ. मूठ ओढली की कप्पा उघडून शिसं खाली. रांजणाने अंगावर चढवला आणि आरशात स्वतःला बघून खूश झाला. म्हणाला, हाच घ्या. वहिनी म्हणाली, काढा तो. तिने रांजणाचे जाड हातमोजे स्वतःच्या हातांत घातले, पट्टा स्वतःच्या अंगावर घेतला, डोळे मिटले आणि मूठ शोधली. एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्याने. शिसं दुकानाच्या फरशीवर पडलं तसा दुकानदार पाय वर घेऊन खुर्चीवर बसला. मग मुठीवरून दुसरं काही आडवं येत नाही ना, हे तिने बोटं फिरवून पाहिलं. रांजण म्हणाला, अगं, बाजारात वांगी घेतेस का? ती म्हणाली, वांगं खराब निघालं तर फेकता येतं.

खांद्यांचे पट्टे दुकानदाराने लांब करून दिले. शिसंही तिने रांजणाला काठाच्या पाण्यात तरंगवून बेतलं. तेव्हा कळलं की रांजण इतकी वर्षं उगाच जास्त ओझं वाहत होता. मर्दपणा म्हणून.

पण दोर अजून खुंटीवरच होता. तिची एक अट होती. धक्क्याच्या पायऱ्यांपाशी, जिथे पाणी जेमतेम दोन पुरुष खोल आहे आणि डोक्यावर बोट नाही, तिथे उतरायचं. वरून चार हिसके आले की शिसं सोडून वर यायचं. तो हो म्हणाला. पायऱ्यांवर निम्मा धक्का जमला होता, तांडेलही आला होता.

तेवढ्या परीक्षेपुरता वहिनीने दोर हातात घेतला आणि रांजण उतरला. बुडबुडे संथ येऊ लागले. वहिनीने चार हिसके दिले. खालून एक आला. ठीक आहे. तिने पुन्हा चार दिले. पुन्हा एक आला. लोक हसू लागले. मला त्याचं मन कळत होतं. एवढ्या लोकांसमोर, मी शिसं सोडत नाही म्हणणाऱ्या माणसाने शिसं सोडायचं म्हणजे चड्डी सोडण्याइतकंच. तो खाली बसून राहिला, गाढवासारखा.

वहिनी ओरडली नाही. तिने दोर माझ्या हातात दिला आणि पायऱ्या चढू लागली.

मी दोर धरला, मला जमेल तसा. हात बदलल्याचं त्याला खाली दोरावरूनच कळलं असावं. खाली काय झालं ते मला दिसलं नाही. पण बुडबुडे एकदम थांबले, मग भसाभसा आले, आणि रांजण दोन्ही रिकामे हात वर धरून पाण्याबाहेर आला. नळी तोंडातून काढून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांवर वर.

"दोर याला का दिलास?" तो म्हणाला. "धर तू. सोडलं बघ मी."

ती वरच्या पायरीवर थोडी उभी राहिली. मग खाली आली, माझ्या हातातून दोर घेतला आणि मनगटाला एक वेढा देऊन बसली.

"आणा ते शिसं वर," ती म्हणाली.

आता शिशाशिवाय तो खाली जाणार कसा? त्याने डोकं आत घातलं, पाय झाडले, आणि त्याचा मागचा डोंगर पाण्यावर तसाच राहिला. धक्का हसून लोळला. तांडेल डोळे पुसत म्हणाला, उद्या सकाळी फेरीबोटीवर या दोघंही. वहिनी हसत नव्हती. दोर ताणून, नजर पाण्यावर ठेवून बसली होती. मी दुकानातून गळ आणला आणि शिसं काढायला लागलो.