चौदाव्या आकृतीखालची टीप

आमच्या कचेरीत त्यांना सगळे तळमजले म्हणत. हे आडनाव नव्हतं, त्यांचा पत्ताच होता तो. छापायच्या अहवालांमध्ये आकृत्यांखाली बारीक अक्षरांत स्पष्टीकरणाच्या टिपा घालायच्या, हे त्यांचं काम. वर आलेख आणि यंत्रांची चित्रं ऐसपैस पाय पसरून बसत, आणि खालच्या दोन ओळींच्या जागेत तळमजले संसार थाटत. 'तुटक रेघ म्हणजे अंदाज, सलग रेघ म्हणजे प्रत्यक्ष मोजणी', असं त्यांचं वाङ्मय. एकोणतीस वर्षांत त्यांनी एवढं लिहिलं, की दुसरा कुणी तेवढ्यावर साहित्यिक म्हणून मिरवला असता. यांचं नाव मात्र हजेरीपटाबाहेर कुठे गेलं नाही.

टीप लिहिण्याआधी ते आकृतीकडे अर्धा अर्धा तास बघत बसत. मग इंजिनिअरला फोन लावत. "साहेब, हा बाण पाण्याचा की हवेचा?" साहेब म्हणत, "काय फरक पडतो हो?" त्यानंतर तळमजले दुपारभर कुणाशी बोलत नसत. घरी बायको समजूत काढायची, तिच्या पद्धतीने. "लोक चित्र बघतात नि पान उलटतात. तुम्ही कशाला उगाच जीव काढता?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आमचे मुद्रितशोधक वाचतात. शब्द न् शब्द."

ते मुद्रितशोधक म्हणजे मी. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझी सही लागते. हे पान मी वाचलं, असा तिचा अर्थ. पानं परत गेली की तळमजले आधी तो कोपरा बघत आणि समाधानाने मान हलवत. जगात एक माणूस आपल्याला वाचतो, एवढ्या आधारावर त्यांचं चाललं होतं. मीही अधूनमधून "कालची टीप फक्कड होती हं" असं म्हणून टाकायचो. माणसाला बरं वाटतं, आपलं काय जातं?

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. आकृतीचा तपशील गिऱ्हाइकाकडून यायला उशीर झाला, की टिपेच्या जागी काहीतरी भरून ठेवतात, म्हणजे पानाची मांडणी हलत नाही. बाकीचे सरळ 'कककक' भरतात. तळमजल्यांना अर्थ नसलेलं काही लिहायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. ते मनात येईल ते वाक्य, पण नीट वाक्य, लिहून ठेवत. पाणीपुरवठा मंडळाच्या अहवालात चौदाव्या आकृतीखाली त्यांनी लिहून ठेवलं: 'ही रेघ एवढी वर का चढली, हे ती काढणाऱ्याला ठाऊक नाही. मंडळाला तर मुळीच नाही. हे वाचणाऱ्याने एकदा येऊन भेटावे.'

तपशील आलाच नाही. टीप बदलायची राहून गेली. पानावर माझी सही झाली आणि दोन हजार प्रती बांधून रवानाही झाल्या.

चूक सापडली ती त्यांनाच, कचेरीतली शिल्लक प्रत चाळताना. छापून आलेला अहवाल हौसेने वाचणारा तेवढा एकच इसम आमच्याकडे होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निवृत्तीला सात महिने उरलेले, आणि मालक आधीपासूनच 'टिपा हव्यातच कशाला, पान मोकळं दिसेल' म्हणत टपून बसलेले. जिन्यात मला गाठून त्यांनी पान दाखवलं. "गेली माझी नोकरी," ते म्हणाले. कोपऱ्यातली सही मात्र माझी होती. ते पान मी कसं जाऊ दिलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगायची घाई केली नाही.

फोन वाजला की तळमजले खुर्चीतून उठून उभे राहत. दहा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. मालकांनी सगळ्यांना बोलावून ते मोठ्याने वाचलं. 'अहवाल अत्यंत वाचनीय झाला आहे. विशेषतः आकृत्यांखालील टिपांमुळे अवघड विषय सुबोध झाला. आणखी एक हजार प्रती काहीही बदल न करता छापाव्यात.' मालकांनी तळमजल्यांची पाठ थोपटली. टिपा काढण्याचा विषय आपण कधी काढलाच नव्हता, असंही वर ऐकवलं. "एका ठिकाणी जरा दुरुस्ती..." तळमजले पुटपुटले. "बदल न करता म्हणजे बदल न करता," मालक गरजले.

नोकरी वाचली होती. दुसरा कुणी असता तर त्याने कचेरीभर पेढे वाटले असते. तळमजले मात्र जेवणाच्या सुट्टीत पडलेल्या चेहऱ्याने माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"एक विचारू? खरं सांगा. ती टीप तुम्ही वाचली होतीत ना? वाचून, गंमत म्हणून जाऊ दिलीत?"

माझी अब्रू झाकायला त्यांनी स्वतःच पांघरूण आणून दिलं होतं. मी ते अंगावर ओढून घेतलं.

"म्हणजे काय! पोट धरधरून हसलो. म्हटलं, राहू दे, मंडळालाही कळू दे जरा."

"मला वाटलंच," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि बासष्टाव्या पानावरची? तीसुद्धा तशीच राहून गेली."

"ती तर काय, चौदाव्या आकृतीच्याही वरताण!"

तळमजल्यांनी मान हलवली. आपला डबा उचलला आणि दोन पावलं जाऊन ते वळले.

"बासष्टावं पान कोरं सोडलंय," ते म्हणाले. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.