चिठ्ठी नसलेल्या नळ्या

मेश्राम सर गेल्याचे त्यांच्या मुलीने कळवले, त्याला आता महिना होत आला. सत्तरच्या दशकात धरमपेठेतील आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवीत, मी रसायनशास्त्र; प्रयोगशाळा दोघांत एकच होती.

विकर, म्हणजे एन्झाइम, हा धडा ते लाळेपासून सुरू करीत. स्टार्चच्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळे होते. त्यात लाळ मिसळून नळी कोमट पाण्यात ठेवावी. लाळेतील विकर स्टार्चची साखर करतो आणि निळा रंग मावळतो. गार पाण्यात हेच काम रेंगाळते. लाळ आधी उकळली तर मात्र विकर कायमचा मोडतो, मग ती कितीही निववा, नळी निळीच राहते... हे सारे सर स्वतःच्या लाळेवर दाखवीत आणि प्रत्येक नळीला चिठ्ठी डकवीत. चिठ्ठीविना प्रयोग म्हणजे नुसत्या गप्पा, असे त्यांचे म्हणणे.

एके सकाळी प्रयोगशाळेचे शिपाई गणपतराव भर वर्गात म्हणाले, "तुमचं उष्टं मी काहून धुवू, सर?" आदल्या वर्षी सरांऐवजी मी हा प्रयोग दाखवला, तेव्हा माझ्या लाळेच्या नळ्या त्यांनी निमूट धुतल्या होत्या. सरांच्या घराण्याने छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, हे सर्वांनाच ठाऊक होते. मुलांनाही अर्थ कळला. मी बोलणार, तोच सरांनी हाताने थांबवले. "बरोबर आहे. ज्याचं त्यानं धुवावं." त्यानंतर ते मुलांदेखत नळ्या स्वतः धूत. वाद नको म्हणून हा प्रयोगच वगळावा, असे मुख्याध्यापक सुचवू लागले. सरांनी तो वगळला नाही.

पुढे एकदा शाळा सुटल्यावर आम्ही दोघे प्रयोगशाळेत असताना गणपतराव दारात घुटमळले. "सर, माह्या थुकीत बी रायते का थो इकार?"

"इकार नाही गा, विकर! या, पाहू."

सरांच्या आणि त्यांच्या लाळेच्या दोन नळ्या एकाच कोमट पाण्यात ठेवल्या. दोन्हींचा रंग बरोबरच गेला.

"यातली माही कोनती जी?"

"चिठ्ठ्या लावाच्या राह्यल्या," सर म्हणाले. गोंदाची बाटली त्यांच्या कोपराशी उघडीच होती.

गणपतरावांची नजर नळ्यांवरून गोंदाच्या बाटलीवर गेली. मग "लय चालू हा तुम्ही!" म्हणत दोन्ही उचलून नळाखाली धुवू लागले.

परवा सरांच्या घरी गेलो. डाळींच्या बरण्या, औषधे, किल्ल्या, सगळ्यांवर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. खिडकीतल्या लाकडी स्टँडमध्ये मात्र दोन कोऱ्या नळ्या. "काका, या कशाच्या?" मुलीने विचारले. "यांवरच बाबांनी काही लिहिलं नाही. मी लिहू?"

"नको," मी म्हणालो. "त्या तशाच राहू दे."