सूत म्हणजे मैलभर

मुलांनो, शारजातल्या दुकानातला तो माणूस आठवला की मला अजूनही उत्साह येतो. तुमच्या आजोबांचे अरब साहेब शिकारीच्या रायफलची काडतुसं स्वतः भरत. त्यासाठी लागते ‘डाय’, म्हणजे वापरलेली पितळी नळी पुन्हा मापात आणणारा साचा. दोन दिवसांनी ते आफ्रिकेला शिकारीसाठी निघणार होते. आम्ही सोबत गेलो होतो. साहेबांनी सर्वांत महागडी, चकचकीत डाय उचलली.

काउंटरमागचा कोकणी विक्रेता म्हणाला, “नो हबीबी, ये नहीं चलेगा.”

दुकानाच्या मालकानं त्याच्यावर डोळे वटारले. यानं शांतपणे बोटातली अंगठी काढली, हात पुसले आणि साहेबांनी आणलेल्या नळीला मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढी जाडीही मोजणारं यंत्र, लावून डायचं माप किंचित वेगळं असल्याचं दाखवलं.

मी आजोबांना म्हटलं, “सूतभर फरकानं काय बिघडतं?”

मराठी ऐकून तो एकदम खुलला. “काकू, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! इथं तो मैलभर झाला. केसाएवढ्या फरकानंही नेम चुकतो.”

मी अर्थ सांगितल्यावर साहेबही खो खो हसले. त्यानं साध्या डबीतली, नेमक्या मापाची डाय पुढं ठेवली. “खलास! ये लो.” अरबीत खलास म्हणजे ‘झालं काम!’

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. पंधरवड्यानं आफ्रिकेतून साहेबांचा फोन आला, “टेल मिस्टर सूत, परफेक्ट!”