रांगोळीनं घासलेलं नाणं

एकनाथनं जन्मभर मारच बघितला. लहानपणी वडलांचा पट्टा, मोठेपणी चिंचवडच्या कारखान्यातला प्रेस. एकदा प्रेस खाली आला आणि डाव्या हाताची दोन बोटं पत्र्याबरोबर गेली. फोरमन ओरडला, "अरे बस खाली, चक्कर येईल!" तर हा म्हणतो, "आधी मशीन बंद करा, डायला तडा गेलाय."

असा माणूस. शाळा नववीपर्यंत, लग्न केलं नाही. दोन हजार एक साली मोठ्या भावानं, गुरुदत्तनं, त्याला ओहायोत डब्लिनला बोलावून घेतलं. शेजारच्या कोलंबसला डाय, म्हणजे छाप मारायचे पोलादी ठसे, बनवायच्या शॉपमध्ये नोकरी लागली. राहायला भावाकडे. वहिनीशी, सुमित्राशी, रोजची थट्टा.

"वहिनी, आमटीला मीठ नुसतं दाखवलंत का?"

"आठ बोटांच्या माणसानं गप जेवावं, भावोजी."

वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्याचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. एकनाथ एकदा सहज आत शिरला, ट्रेमधली काळी पडलेली चांदीची नाणी बघितली आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "हे आणि हे, सेम डाय. हे आधीचं, हे नंतरचं." वॉल्टरनं पुस्तक काढून ताडून बघितलं. बरोबर! त्या दिवसापासून दर शनिवारी एकनाथ तिथं.

त्याचं असं, की दोनशे वर्षांपूर्वी इथले नाण्यांचे डाय हातानं कोरायचे. त्यामुळं प्रत्येक डायवर कडेच्या चांदण्या वेगळ्या बसायच्या, सालाचा आकडा थोडा तिरका. मग त्या डायवर घाव बसायचे, हजारो, आणि पोलाद फाटायचं. तडा केसाएवढा सुरू व्हायचा आणि वाढत जायचा. तो तडा नाण्यावर उमटतो. एकनाथ भिंग लावून तो तडा असा वाचायचा जसा डॉक्टर एक्स-रे वाचतो. म्हणायचा, "किती मार खाल्लाय याच्या डायनं, वहिनी. फुटेस्तोवर मारलंय."

दोन हजार सहाला, दिवाळीच्या आठवड्यात, डेल नावाचा ट्रकवाला दुकानात आला. सहा फुटाच्या वर. बाप नुकताच गेलेला, बापाच्या डब्यातली नाणी घेऊन आला होता. त्यात अर्ध्या डॉलरचं एक होतं, अठराशे तेवीसचं. एकनाथनं ते तासभर फिरवून बघितलं. डावीकडची खालची चांदणी फुटलेली, तिथून तडा थेट नाण्यावरच्या बाईच्या मानेपर्यंत, आणि मागची गरुडाची बाजू भलत्याच डायची. अशी जोडी पुस्तकात नव्हती, म्हणजे नाणं फार मोलाचं.

डेल रडला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आख्खं गाव माझ्या बापाला कचरा गोळा करणारा म्हणायचं."

नाणं सोमवारी ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचं ठरलं. फोटो ताडायला म्हणून वॉल्टरनं ते एकनाथला घरी नेऊ दिलं. आणि इथंच घात झाला.

शनिवारी लक्ष्मीपूजन. एकनाथ आंघोळीला गेलेला. सुमित्रानं पूजा मांडली, तिला टेबलावर चांदीचं नाणं दिसलं, ते पूजेचंच वाटलं. काळंकुट्ट! असं देवीपुढं कसं ठेवायचं? घरी चांदी घासायची पद्धत तिला आईनं शिकवलेली. दारात काढायची रांगोळी चिमूटभर घेतली, ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू घासल्या. चकचकीत! हळदीकुंकू लावून तबकात ठेवलं.

एकनाथ बाहेर आला, वाकून तबक बघितलं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. दोनशे वर्षांचा काळा थर गेला, वर ओरखडेच ओरखडे. आता त्याला कोणी ग्रेड देणार नव्हतं. घासलेलं म्हणून परत येणार.

"बघा भावोजी, कसं लखलखतंय!"

तिच्याकडं बघून तो म्हणाला, "झकास." आणि आरतीला उभा राहिला.

सोमवारी दुकानात डेल आधीच येऊन बसलेला. नवा शर्ट घालून. एकनाथनं नाणं ठेवलं. डेलला आधी कळलंच नाही, म्हणाला, "अरे वा, चमकतंय!" वॉल्टरचा चेहरा पडला तेव्हा कळलं.

"कोणी केलं?" डेल म्हणाला.

"मी," एकनाथ म्हणाला.

"तू? तूच म्हणालास हात लावायचा नाही!"

"मीच केलं. सॉरी."

पहिला ठोसा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वॉल्टरला काउंटरपलीकडं ऐकू गेला. एकनाथ पडला, तर डेलनं कॉलर धरून उठवला आणि भिंतीवर आपटला. शोकेसची काच फुटली, त्या काचांत त्याला लोळवला. "कोणी केलं? खरं सांग! कोणाला विकायचं होतं?" दर वेळी हा तोंडातलं रक्त गिळून म्हणायचा, मी. घरातल्या बाईकडनं चुकून झालं, एवढं म्हणाला असता तर? माहीत नाही. डेलनं टेबल लॅम्प उचलला, खालून लोखंडाचा जड, आणि डोक्यात घातला. दोनदा. मग बूट. पोलीस आले तेव्हा डेल नाण्यांच्या ट्रेवर बसून ढसाढसा रडत होता.

हॉस्पिटलमध्ये एकनाथचा जबडा तारांनी बांधलेला, एक डोळा बंद. गुरुदत्त म्हणाला, "अरे, तू आम्हाला नाण्याला फुंकर घालू देत नव्हतास. तूच घासलंस?"

सुमित्रा पायाशी उभी होती. "भावोजी... ते मी घासलेलं ना? तबकातलं?"

त्यानं डोळा मिटून घेतला.

पोलीस ऑफिसर जबानी घ्यायला आला. मान हलवून उत्तर द्या म्हणाला. नाणं तुम्ही घासलं? तेवढ्यात सुमित्रा पुढं झाली, "सर, आय वॉश. मी. ही नो."

एकनाथनं तीन बोटांचा हात पलंगाच्या लोखंडावर असा हाणला की सलाइनची सुई निघाली, चादरीवर रक्त उडालं. नर्स धावली. त्यानं सुमित्राकडं असं बघितलं की ती जागच्या जागी थांबली. आणि ऑफिसरकडं बघून मान हलवली. हो. मी.

ऑफिसरनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूत रक्त साकळलं आणि एकनाथ गेला.

कोर्टात डेलच्या वकिलानं तोच कागद वाचला. म्हणाला, जाणकार माणसानं मुद्दाम माल खराब केला, माझ्या अशिलाचं डोकं फिरणारच. शिक्षा कमी झाली. सुमित्रा बाकावरून उठून ओरडली, "मी घासलं!" दोन वेळा, तर तिला धरून बाहेर नेलं. कागदावर अजून एकनाथचंच नाव आहे. त्याच्यासारखा डाय वाचणारा माणूस नाण्याला रांगोळी लावेल का? नाही लावणार. लावली ती सुमित्रानं, देवीसाठी, शनिवारी संध्याकाळी. वॉल्टरला पण तिनं हे फोन करून सांगितलंय.